करंडक एक, नकाशे अनेक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बास्केटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका उभी राहते. त्यात वावगे काही नाही. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्ड या अमेरिकेतल्या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, कडाक्याच्या थंडीत पोरांना छपराखाली खेळता यावे म्हणून, सज्जाला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि हा खेळ जन्माला आला. पण आज मला सांगायची आहे ती हकीकत युरोपातली आहे. तिथे १९५८ सालापासून पुरुषांच्या क्लब संघांची एक अजिंक्यपद स्पर्धा चालत आली आहे. आरंभी तिचे नाव 'युरोपियन चॅम्पियन्स कप' असे होते. पुढे ती 'युरोलीग' झाली. या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी हाती घ्यावी आणि वरून खाली वाचत जावे. युरोपात भिंती कधी उभ्या राहिल्या, कधी पडल्या, कोणता देश कधी फुटला आणि पैसा कोणत्या दिशेने वाहू लागला, हे सारे त्या यादीत दिसते.

श्रोतेहो, आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. देशाचा संघ वेगळा आणि क्लबचा संघ वेगळा. देशाचा संघ वर्षाकाठी काही दिवस एकत्र येतो, राष्ट्रगीत होते, सामने होतात आणि खेळाडू पांगतात. क्लब मात्र एका गावात बारा महिने नांदतो. त्याचे मैदान गावातले, प्रेक्षक गावातले, पुष्कळदा खेळाडूही त्याच गल्ल्यांत वाढलेले. म्हणून क्लबांची स्पर्धा ही गावांची स्पर्धा असते. ज्या देशाचे नाव जगाच्या राजकारणात कोणी घेत नाही, त्या देशातले एखादे गाव इथे राजधान्यांना हरवू शकते. या स्पर्धेची सारी गंमत त्यात होती. ती आज किती उरली आहे, हा प्रश्न शेवटी घेऊ.

कल्पना निघाली ती एका वर्तमानपत्रातून. पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकाने १९५५ मध्ये फुटबॉल क्लबांचा युरोपियन कप सुरू करून दिला होता. तसाच करंडक बास्केटबॉललाही असावा, असा आग्रह याच पत्राने धरला. १९५७ च्या अखेरीस 'फिबा' या बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यावर समिती नेमली. समितीत फ्रान्सचे रोबेर ब्युनेल होते, रिअल माद्रिदचे कारभारी राइमुंदो सापोर्ता होते, आणि सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरिया या देशांचे प्रतिनिधीही होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही गटांतली माणसे एका टेबलाशी बसली होती, हे ध्यानात घ्यावे.

नियम साधा ठरला. प्रत्येक देशाचा त्या वर्षीचा विजेता क्लब यायचा, आणि मागच्या वर्षीचा युरोप-विजेताही यायचा. देश केवढा, पैसा किती, याची विचारपूस नाही. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी ब्रुसेल्समध्ये पहिला सामना झाला तो बेल्जियमच्या रॉयल फोर आणि लक्झेंबर्गच्या एत्झेला या संघांत. लक्झेंबर्गचा संघ सपाटून हरला. पण पहिल्याच दिवशी लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशालाही दार उघडे होते, एवढे लक्षात ठेवू या.

आता लढतीची रीत पाहू. दोन संघांची गाठ पडली की एक सामना एकाच्या घरी, दुसरा दुसऱ्याच्या घरी, आणि दोन्ही सामन्यांतल्या गुणांची बेरीज करून निकाल. बास्केटबॉलमध्ये आपल्याच प्रेक्षकांपुढे खेळण्याचा फायदा फार मोठा असतो. बंद सभागृह, कानठळ्या बसवणारा आवाज आणि प्रेक्षक अगदी रेषेपर्यंत. म्हणून बेरजेची पद्धत न्याय्य होती. पण प्रत्येक न्याय्य नियमाला एक फट असते आणि ती शोधणारा एक हुशार माणूस असतो.

तो माणूस म्हणजे रिअल माद्रिदचे प्रशिक्षक पेद्रो फेरांदिझ. जानेवारी १९६२ मध्ये इटलीतल्या वारेसे गावी सामना होता. शेवटचे दोन सेकंद उरले असताना दोन्ही संघांचे ८०-८० गुण होते. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवला जाणार होता, आणि माद्रिदचे मुख्य खेळाडू फाउल भरल्यामुळे बाहेर बसले होते. जादा वेळात दहा-बारा गुणांनी हार झाली असती, तर घरच्या सामन्यात तेवढे गुण भरून काढणे अवघड होते. फेरांदिझ यांनी लोरेन्सो आलोसेन या खेळाडूला हुकूम दिला, आणि आलोसेनने चेंडू शांतपणे आपल्याच टोपलीत टाकला. माद्रिद ८२-८० असे हरले. वारेसेच्या प्रेक्षकांना आधी आनंद झाला आणि मग डाव उमगला. घरच्या सामन्यात माद्रिदने ती दोन गुणांची उसनवारी सहज फेडली आणि पुढची फेरी गाठली. त्यानंतर नियम बदलला. जाणूनबुजून स्वतःच्या टोपलीत टाकलेला चेंडू आज धरला जात नाही.

पहिल्या तीनही वर्षांचा विजेता एकच होता: रिगाचा एएसके. रिगा ही लाटव्हियाची राजधानी. हा संघ सोव्हिएत सैन्याचा, आणि कागदोपत्री त्याचे विजेतेपद सोव्हिएत संघाच्या खात्यावर जमा आहे. पण थोडे मागे गेले की चित्र बदलते. १९३५ मध्ये युरोपातल्या देशांची पहिली बास्केटबॉल स्पर्धा झाली, ती स्वतंत्र लाटव्हियाने जिंकली होती. १९३७ आणि १९३९ च्या स्पर्धा शेजारच्या लिथुआनियाने जिंकल्या. १९४० मध्ये हे दोन्ही देश सोव्हिएत संघाने गिळले. देश गेले, पण खेळाची परंपरा गावागावांत राहिली. रिगाच्या संघाने सैन्याचा गणवेश चढवला, पण हातातली कला लाटव्हियाची होती. त्यांचे प्रशिक्षक होते तरुण अलेक्झांडर गोमेल्स्की आणि त्यांचा खांब होता यानिस क्रूमिन्श. उंची दोन मीटर अठरा सेंटीमीटर, म्हणजे सात फुटांहून जास्त. विशी उलटल्यावर खेळाकडे वळलेला हा माणूस पहिल्या काही वर्षांत युरोपात कोणाला आवरला नाही.

१९६० च्या अंतिम लढतीत रिगासमोर होता जॉर्जियातल्या तिबिलिसीचा डायनॅमो. दोन्ही संघ सोव्हिएत, पण दोन्ही रशियाबाहेरचे. १९६१ मध्ये मॉस्कोच्या सीएसकेए या सैन्याच्याच दुसऱ्या संघाने रिगाला हरवले आणि १९६२ मध्ये तिबिलिसीने करंडक नेला. पहिली पाच वर्षे करंडक सोव्हिएत संघाबाहेर गेला नाही.

आणि समोर होते माद्रिद. स्पेनमध्ये जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती. यादवी युद्धापासून स्पेन आणि सोव्हिएत संघ यांचे राजनैतिक संबंध नव्हते. १९५८ च्या उपांत्य फेरीत रिअल माद्रिदची गाठ रिगाशी पडली, तेव्हा स्पेनच्या सरकारने सोव्हिएत संघाशी खेळायला परवानगीच दिली नाही. माद्रिदला माघार घ्यावी लागली. चार वर्षांनी माद्रिद अंतिम फेरीत आले, समोर पुन्हा सोव्हिएत संघ, तिबिलिसीचा. या वेळी तोड निघाली ती तटस्थ जागेची: जिनिव्हाला एकच सामना. पण पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, बांध फुटला. मॉस्कोचा संघ माद्रिदला आला आणि माद्रिदचा मॉस्कोला गेला. ज्या दोन सरकारांचे एकमेकांकडे वकील नव्हते, त्यांचे खेळाडू एकमेकांकडे पाहुणे होते.

त्या लढतीचे गणितही मजेचे झाले. माद्रिदला यजमानांनी ८६-६९ असा विजय मिळवला, म्हणजे सतरा गुणांनी. मॉस्कोत सीएसकेएने ९१-७४ असा विजय मिळवला, तोही सतरा गुणांनीच. बेरीज १६०-१६०. मग मॉस्कोत तिसरा सामना खेळवावा लागला आणि तो सीएसकेएने ९९-८० असा जिंकला. माद्रिदने मात्र चिकाटी सोडली नाही. १९६४, १९६५, १९६७ आणि १९६८ असे चार करंडक त्यांनी त्या दशकात नेले.

राजकारणाची सर्वांत अवघड गाठ पुढे १९७७ मध्ये पडली. इस्रायल भूगोलाने आशियात, पण बास्केटबॉलच्या कारभारात युरोपात. तेल अवीवच्या मक्काबी संघाची गाठ सीएसकेए मॉस्कोशी पडली. १९६७ च्या युद्धानंतर सोव्हिएत संघाने इस्रायलशी संबंध तोडले होते, त्यामुळे मॉस्कोचा संघ तेल अवीवला जायला तयार नव्हता. मक्काबीच्या घरचा सामना बेल्जियममधल्या व्हिर्टन या लहानशा गावी हलवला गेला. १७ फेब्रुवारी रोजी मक्काबीने तो ९१-७९ असा जिंकला. संघनायक टॅल ब्रॉडी हा अमेरिकेत जन्मलेला आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेला खेळाडू. सामन्यानंतर तो मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाला की आम्ही नकाशावर आलो आहोत आणि नकाशावरच राहणार आहोत. ते वाक्य तिकडे आजही म्हणीसारखे वापरतात. अंतिम सामना बेलग्रेडला झाला, म्हणजे ज्या युगोस्लाव्हियाचेही इस्रायलशी संबंध नव्हते, त्याच्याच राजधानीत. मक्काबीने वारेसेला ७८-७७ असे, एका गुणाने, हरवले.

वारेसे! हे नाव दुसऱ्यांदा आले. उत्तर इटलीतले, तळ्यांच्या मुलखातले, लाखभर वस्तीसुद्धा नसलेले हे गाव. १९७० ते १९७९ या दहाही वर्षांत अंतिम सामन्यात एक संघ कायम होता, तो वारेसेचा. दहा वर्षांत दहा अंतिम सामने आणि त्यांतले पाच विजय. असा पराक्रम राजधान्यांच्या बड्या क्लबांनाही आजवर साधलेला नाही. दिनो मेनेगिन हा त्यांचा आधारस्तंभ. पुढे मिलानकडून १९८७ आणि १९८८ मध्ये आणखी दोन करंडक त्याने मिळवले, तेव्हा तो पस्तिशी ओलांडून गेला होता.

वारेसेच्या मागे कोण होते? सैन्य नव्हते, सरकार नव्हते. मागे होता फ्रिजचा कारखाना. 'इग्निस' हे घरगुती यंत्रांच्या कंपनीचे नाव संघाने घेतले होते. मिलानच्या संघाचे नाव 'सिमेन्थाल', म्हणजे डबाबंद मांसाची कंपनी. स्प्लिटच्या संघाचे नाव 'युगोप्लास्तिका', म्हणजे प्लॅस्टिकचा कारखाना. १९८४ च्या विजेत्या रोमच्या संघाच्या नावातच बँक होती. क्लबच्या नावाआधी मालाचे नाव लावायची ही चाल आपल्याला आज सवयीची झाली आहे, पण बास्केटबॉलमध्ये ती तेव्हाच रुळली होती. इटलीतल्या लहान गावांना त्याचा फायदा झाला. लेस आणि फर्निचर यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कांतू या आणखी छोट्या गावाने १९८२ आणि १९८३ असे लागोपाठ दोन करंडक नेले. गावात एक नेकीचा कारखानदार असावा, शाळेतून मुले घडवणारा एक प्रशिक्षक असावा आणि संध्याकाळी सभागृह भरावे, एवढ्यावर युरोप जिंकता येत होता.

हाच मंत्र युगोस्लाव्हियाने वेगळ्या रीतीने सिद्ध केला. १९७९ मध्ये वारेसेच्या दहाव्या अंतिम सामन्यात समोर होता साराजेव्होचा बोस्ना. प्रशिक्षक बोग्दान तान्येविच. झार्को वारायिचने त्या एका सामन्यात ४५ गुण केले. आणि खेळाची सूत्रे होती मिर्झा देलिबाशिचच्या हाती. संघातली नावे वाचली की कोणी कोणत्या धर्माचा, कोणी कोणत्या भाषेचा हे कळते. पण तेव्हा ते कोणी मोजत नव्हते. मशिदी, चर्च आणि ज्यूंचे प्रार्थनामंदिर जवळजवळ असलेल्या त्या शहराचा तो संघ होता. साराजेव्होने ९६-९३ असा विजय मिळवला आणि युगोस्लाव्हियात हा करंडक पहिल्यांदा आला.

मग जणू झरा फुटला. झाग्रेबच्या चिबोनाने १९८५ आणि १९८६ मध्ये करंडक नेला, तो द्राझेन पेत्रोविच या विलक्षण नेमबाजाच्या जोरावर. १९८६ मध्ये हरलेला संघ होता लिथुआनियातल्या कौनासचा झालगिरिस आणि त्यात होता सव्वासात फूट उंचीचा अर्विदास साबोनिस. त्यानंतर आली स्प्लिटची पोरे. तोनी कुकोच, दिनो राजा आणि त्यांचे सवंगडी, बरेचसे विशी-बाविशीतले. १९८९ मध्ये म्युनिकला त्यांनी मक्काबीला हरवले तेव्हा सगळ्यांना तो योगायोग वाटला. १९९० मध्ये पुन्हा, १९९१ मध्ये पुन्हा. तीन वर्षे सलग. रिगानंतर हे कोणालाच जमले नव्हते. गमतीचा भाग असा की पहिले दोन करंडक मिळवून देणारे प्रशिक्षक बोझिदार माल्कोविच १९९१ मध्ये बार्सिलोनाचे प्रशिक्षक झाले होते, आणि अंतिम सामन्यात त्यांनीच घडवलेल्या मुलांनी त्यांना हरवले.

१९९१ च्या एप्रिलमध्ये स्प्लिटने करंडक उंचावला. त्याच जूनमध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्धाला तोंड फुटले. पुढच्या हंगामात युगोस्लाव्हियातल्या क्लबांना घरी खेळणेच अशक्य झाले. बेलग्रेडच्या पार्टिझानने आपले घरचे सामने स्पेनमध्ये, माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा या गावी खेळले. प्रेक्षक परके, पण त्या गावाने या पोरांना आपले मानले. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच यांचे ते पहिलेच वर्ष. नुकतेच त्यांनी स्वतः खेळणे थांबवले होते. एप्रिल १९९२ मध्ये इस्तंबूलला अंतिम सामना झाला. शेवटच्या क्षणी साशा जोर्जेविचने धावत धावत तीन गुणांचा चेंडू फेकला आणि पार्टिझान ७१-७० असे जिंकले.

त्याच महिन्यात साराजेव्होचा वेढा सुरू झाला होता. युरोप-विजेत्या शहराला विजयानंतर तेरा वर्षांनी तोफांनी घेरले होते. मिर्झा देलिबाशिच शहर सोडून गेला नाही. पुढे स्वतंत्र बोस्नियाच्या राष्ट्रीय संघाचा तो प्रशिक्षक झाला. २००१ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. साराजेव्होतल्या क्रीडागृहाला आज त्याचे नाव आहे. पार्टिझानलाही करंडक राखता आला नाही. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले आणि युरोपातल्या सर्वोत्तम संघाला स्पर्धेबाहेर राहावे लागले. द्राझेन पेत्रोविच जून १९९३ मध्ये जर्मनीत मोटार अपघातात गेला. १९८९ ते १९९२ या चार वर्षांत करंडक सलग युगोस्लाव्हियात होता. चार वर्षे संपली तेव्हा तो युगोस्लाव्हियाच उरला नव्हता.

देश फुटला, पण विद्या फुटत नाही. ती पांगली आणि पसरली. माल्कोविच यांनी १९९३ मध्ये चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लिमोज या फ्रेंच गावाला करंडक मिळवून दिला. अंतिम सामना ५९-५५ असा संपला. हरलेल्या त्रेव्हिसो संघात त्यांचाच जुना शिष्य कुकोच होता. ओब्रादोविच १९९४ मध्ये बादालोनाबरोबर जिंकले, १९९५ मध्ये साबोनिसला घेऊन रिअल माद्रिदबरोबर जिंकले, मग अथेन्सच्या पानाथिनाइकोसला त्यांनी पाच करंडक दिले आणि २०१७ मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाचेला एक. पहिल्या करंडकापासून नवव्यापर्यंत पंचवीस वर्षे आणि पाच क्लब. एवढे यश दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या वाट्याला आलेले नाही. आणि १९९९ मध्ये कौनासच्या झालगिरिसने अखेर करंडक जिंकला, तेव्हा तो सोव्हिएत संघाच्या नव्हे, स्वतंत्र लिथुआनियाच्या नावावर लिहिला गेला.

आता आपण यादीच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. इथून तोफा मागे पडतात आणि हिशेबाच्या वह्या पुढे येतात.

दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने बोसमान या बेल्जियन फुटबॉलपटूच्या खटल्यात निकाल दिला: करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या कोणत्याही क्लबमध्ये मोकळेपणाने जाऊ शकतो, आणि परक्या युरोपीय खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालता येणार नाही. खेळाडूंना न्याय मिळाला, हे योग्यच झाले. पण परिणाम असाही झाला की गावात घडलेला मुलगा गावात राहीनासा झाला. दुसरी गोष्ट दूरचित्रवाणीची. सामने दाखवण्याचे हक्क मोलाचे झाले आणि मोठ्या क्लबांना वाटू लागले की खेळतो आम्ही, प्रेक्षक आणतो आम्ही, मग पैशाची वाटणी संघटनेने का करावी?

२००० साली ठिणगी पडली. मोठ्या क्लबांनी फिबापासून फारकत घेऊन स्वतःची 'युरोलीग' काढली. हे नाव फिबाच १९९६ पासून वापरत होती, पण ते कायद्याने नोंदवून ठेवण्याचे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. क्लबांनी नावही नेले. फिबाने उरलेल्या क्लबांची 'सुप्रोलीग' भरवली. परिणामी २००१ मध्ये युरोपला दोन विजेते मिळाले: एकीकडे बोलोन्याचा किंडर, दुसरीकडे मक्काबी तेल अवीव. दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत, त्यामुळे खरा विजेता कोण याचे उत्तर आजवर मिळालेले नाही. पुढच्या वर्षी समेट झाला, पण स्पर्धा क्लबांच्या हाती गेली ती गेलीच.

२०१६ मध्ये पुढचे पाऊल पडले. सोळा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ, आणि त्यांतल्या अकरा क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने. म्हणजे हंगाम कसाही जावो, त्यांची जागा पक्की. संघ पुढे अठरा झाले, २०२५ च्या हंगामात वीस झाले. आपल्या देशाचा विजेता झालो म्हणून या स्पर्धेत आपोआप जागा मिळेल, ही जुनी खात्री संपली. फिबाने त्याच २०१६ मध्ये स्वतःची वेगळी 'चॅम्पियन्स लीग' सुरू केली. २०१७ पासून देशांच्या संघांचे पात्रता सामने हंगामाच्या मध्ये येऊ लागले, तेव्हा युरोलीगच्या क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत. अशा वेळी देश आणि क्लब यांच्या ओढाताणीत खेळाडूचीच कोंडी होते.

परवान्यांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, आणि ती बाजू ऐकायला हवी. पुढच्या वर्षी आपण स्पर्धेत असू की नाही याची खात्री नसेल, तर कोणता क्लब मोठे क्रीडागृह बांधील? कोणता बँकवाला कर्ज देईल? कौनाससारख्या शहरातला झालगिरिसही परवान्यामुळेच आज बड्यांच्या पंगतीत टिकून आहे. आणि खेळाचा दर्जा? तो नक्कीच वाढला. २०१२ च्या अंतिम सामन्यात पिरेउसचा ऑलिंपियाकोस सीएसकेएच्या एकोणीस गुण मागे पडला होता. ग्रीस कर्जाच्या खाईत असताना त्या संघाने ६२-६१ असा विजय खेचून आणला. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांच्या लुका डोन्चिचने रिअल माद्रिदला करंडक मिळवून दिला आणि तो अमेरिकेला निघून गेला. २०२३ मध्ये कौनासला झालेल्या अंतिम सामन्यात अखेरच्या तीन-चार सेकंदांत सर्जिओ युल याने टाकलेल्या चेंडूवर माद्रिद ७९-७८ असे जिंकले. माद्रिदचा तो अकरावा करंडक. असे सामने कोणाला नको असतील?

पण आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. १९५८ ते १९९९ या काळात बेचाळीस करंडक दिले गेले. ते रिगा, तिबिलिसी, मॉस्को, माद्रिद, मिलान, वारेसे, तेल अवीव, साराजेव्हो, कांतू, रोम, झाग्रेब, स्प्लिट, बेलग्रेड, लिमोज, बादालोना, अथेन्स, बोलोन्या, कौनास असे फिरले. अथेन्स आणि त्याचे बंदर पिरेउस एकच धरले, तरी अठरा शहरे होतात. २००२ ते २०२५ या काळात तेवीस करंडक दिले गेले. २०२० ची स्पर्धा करोनाच्या साथीमुळे अर्धवट राहिली. हे तेवीस करंडक किती शहरांत गेले? सहा. अथेन्स, बार्सिलोना, तेल अवीव, मॉस्को, माद्रिद आणि इस्तंबूल. सगळी मोठी, सगळी श्रीमंत. वारेसे नाही, कांतू नाही, स्प्लिट नाही.

राजकारणही पुरते गेले आहे असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर सीएसकेएसह रशियाच्या तिन्ही क्लबांना स्पर्धेतून दूर करण्यात आले. ऑक्टोबर २०२३ नंतर मक्काबीला आपले घरचे सामने बेलग्रेडमध्ये खेळावे लागले. ज्या बेलग्रेडचा क्लब एकेकाळी घर शोधत स्पेनला गेला होता, तिथे आता दुसरा कोणी घर शोधत आला. २०२५ चा अंतिम टप्पा तर अबूधाबीला खेळवला गेला. युरोपच्या करंडकाचा निकाल पहिल्यांदाच आखाती वाळवंटात लागला. फेनरबाचेने मोनॅकोला हरवून तो नेला. आणि त्याच वर्षी अमेरिकेची एनबीए आणि फिबा यांनी मिळून युरोपात एक नवी लीग काढण्याचा विचार जाहीर केला.

त्या नव्या लीगचे पुढे जे व्हायचे ते होईल. कारभार कोणाच्या हाती जातो यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो दाराचा प्रश्न. १९५८ च्या त्या नियमात व्यवहाराचे शहाणपण कमी असेल, पण एक साधा न्याय होता: आपल्या अंगणात जिंकलास, तर मोठ्या अंगणात येऊन खेळ. सरकारांनी तो न्याय अनेकदा अडवला. तरी प्रत्येक वेळी कोणी ना कोणी जिनिव्हा शोधली, व्हिर्टन शोधले, फुएनलाब्रादा शोधले आणि सामना झाला. हुकूमशहांना आणि युद्धांना जे दार कायमचे बंद करता आले नाही, ते हिशेबाने बंद होऊ नये.

युरोपात आजही कुठल्यातरी लहान गावात, संध्याकाळी, शाळेच्या सभागृहात एखादा मुलगा टोपलीकडे चेंडू फेकत असेल. नेम त्याचाही अचूक असेल. त्याच्या गावाच्या क्लबला एक दिवस युरोपचा करंडक उचलता येईल, असे त्याला वाटत राहावे की नाही, हे आता नियम करणाऱ्यांच्या हाती आहे.